त्याला शोधायला जायचं, की त्याची वाट पाहायची?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी आमच्या मंडळीत तरुणांचा बायबल अभ्यासगट चालवते. गटातला एक मुलगा, अजून पंचविशीही न गाठलेला, लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. तरुण संघाच्या पैशांचा हिशेब त्याच्याकडे होता. मोबाइलवरच्या सट्ट्याच्या नादी लागून त्याने त्यातले काही पैसे वापरले. कुणाच्या लक्षात यायच्या आत तो स्वतःच माझ्याकडे आला, रडला, सगळं सांगितलं. थोडे पैसे त्याने परत भरलेही होते. मी हादरून गेले. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मी हे मांडलं. दोन रविवार उलटायच्या आत गोष्ट सगळ्या मंडळीत झाली. तेव्हापासून तो उपासनेला येत नाही, फोन उचलत नाही. एकच मेसेज आला: 'तुम्हाला माझी काळजी नव्हती, तुम्हाला बातमी हवी होती.' हे फार जिव्हारी लागलंय. कार्यकारिणी म्हणते, त्याने येऊन सगळ्यांसमोर क्षमा मागावी, मग पाहू. आपण त्याच्या मागे गेलो तर बाकीच्या मुलांना वाटेल, काहीही केलं तरी चालतं. पाळकसाहेब काहीच बोलत नाहीत. मी जावं का? गेले तर पापाला पाठीशी घातल्यासारखं होईल का? आणि किती दिवस वाट पाहायची? त्याच्या जागी मी असते तर असं कधीच केलं नसतं, पण तो मला मुलासारखा आहे.

– एक बहीण

उत्तर

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: जा. कार्यकारिणीचा ठराव होईपर्यंत थांबू नका, त्याचा फोन येईल म्हणूनही थांबू नका. पण कुठल्या मनाने जायचं ते ठरल्याशिवाय घराबाहेर पडू नका. तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आलंय आणि माझी नजर तिथेच अडली. 'त्याच्या जागी मी असते तर असं कधीच केलं नसतं.'

हे वाक्य शुभवर्तमानातही एकाने म्हटलंय, आणि तुमच्याइतक्याच प्रामाणिकपणे. शेवटच्या भोजनानंतर जैतुनांच्या डोंगराकडे जाताना येशू शिष्यांना म्हणाला, तुम्ही सगळे अडखळाल. त्यावर पेत्र म्हणाला, सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. तो फुशारकी मारत होता असं मला वाटत नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात, अंगणात पेटवलेल्या कोळशांच्या विस्तवाशी तो शेकत उभा होता. त्याच्या मानेवर कुणी तलवार ठेवली नव्हती. एका दासीने नुसतं विचारलं, तेवढं पुरलं. कोंबडा आरवायच्या आत त्याने तीनदा आपल्या गुरूची ओळख नाकारली.

त्यानंतर येशू त्याच्याशी कसा वागला ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात आहे. जाण्याआधी तो अध्याय सावकाश वाचा. रात्रभर जाळी टाकून काही न मिळालेले सात जण पहाटे किनाऱ्याला येतात. तिथे पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. किनाऱ्यावर येशू त्यांना म्हणतो, 'या, न्याहारी करा'. नाकारण्याचा विषय तो आधी काढत नाही. सगळे खातात, पेत्रही खातो. न्याहारी झाल्यावर मग तो पेत्राला त्याच्या मूळ नावाने हाक मारून विचारतो, योहानाच्या पुत्रा शिमोना, ह्यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय?

'ह्यांच्यापेक्षा' कडे लक्ष द्या. पेत्राची सगळी जखम तिथेच होती. 'बाकीचे सगळे पडले तरी मी नाही', म्हणजे मी ह्यांच्यापेक्षा वरचढ. आता पेत्र उत्तर देतो, होय प्रभू, मी तुझ्यावर प्रेम करतो हे तुला ठाऊक आहे. 'ह्यांच्यापेक्षा' हा भाग त्याने उत्तरातून गाळलाय. तुलना करायला त्याच्याकडे आता काहीच उरलेलं नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला सांगितलं जातं, माझी कोकरे चार, म्हणजे त्यांना चारायला ने, सांभाळ. तीनदा नाकारलं, म्हणून तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी पेत्राला दुःख झालं, असंही योहान नोंदवतो. म्हणजे येशूने झाल्या गोष्टीवर पांघरूण घातलं नाही, दुखऱ्या जागी बोट ठेवलंच. पण आधी खाऊ घातलं, आणि विचारलं ते प्रेमाबद्दल. 'असं का केलंस' हा प्रश्न त्या किनाऱ्यावर एकदाही आलेला नाही.

ताई, कळप सांभाळायचं काम ज्याच्या हाती आलं तो पडून उठलेला माणूस होता, आणि 'ह्यांच्यापेक्षा' हे त्याच्या बोलण्यातून गळून पडल्यानंतर ते त्याच्या हाती आलं. तुमच्याही हाती कोकरं आहेत. म्हणून तुमच्या त्या वाक्याशी मी एवढी अडून बसले आहे. तुम्हाला सट्ट्याचा मोह झाला नाही, हे खरं असेल. तुम्हाला मोह झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. एक जड गुपित एकटीने वाहायचं नव्हतं, चार जणांत ते मांडताना आपण किती काळजी करतो हेही दिसणार होतं, आणि 'प्रार्थनेचा विषय' म्हटलं की ते चुकीचं वाटतही नाही. त्याने विश्वासाने दिलेली गोष्ट कुणाला न विचारता वापरली. तुम्ही त्याने विश्वासाने दिलेली गोष्ट त्याला न विचारता वापरली. रक्कम वेगळी, चूक बरीचशी सारखी. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. हे एकदा आतून पटलं की तुम्ही त्याच्या दारात वेगळ्या माणूस म्हणून उभ्या राहाल, म्हणून लिहिते आहे.

त्याचं ते बोचरं वाक्य निम्मं खरं आहे आणि निम्मं खोटं. तुम्हाला काळजी नव्हती, हे खोटं. नसती तर आज हे पत्र आलंच नसतं. पण तुमच्या काळजीची बातमी झाली, हे खरं. तो रागाने बोलला म्हणून त्यातला खरा भाग टाकून देऊ नका.

आता मत्तयाचा १८ वा अध्याय. भरकटलेल्यांचा विषय निघाला की मंडळीत त्यातल्या तीन वचनांचा आधार घेतला जातो: आधी एकट्याने सांग, मग दोघांतिघांना घेऊन जा, मग मंडळीला कळव. जणू ती तक्रार पुढे सरकवण्याची पद्धत आहे. पण अध्याय तिथे सुरू होत नाही. शिष्य येऊन विचारतात, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण? येशू एका लेकराला बोलावून त्यांच्यामध्ये उभं करतो आणि म्हणतो, तुम्ही वळून ह्या लेकरासारखे झाला नाहीत तर तुमचा राज्यात प्रवेशच होणार नाही. मोठा कोण ते दूरच, आधी आत तरी या. मग तो लहानांना अडखळवणाऱ्यांबद्दल बोलतो, जात्याची मोठी तळी गळ्यात बांधून समुद्रात बुडवण्याइतकं कठोर. मग सांगतो, ह्या लहानांपैकी एकालाही तुच्छ लेखू नका. मग शंभरातलं एक मेंढरू भरकटल्याची गोष्ट येते. 'एकांतात जाऊन त्याला सांग' हे त्यानंतर आलंय. आणि लगेच पेत्राचा प्रश्न, किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? त्यावर येशूची ती गोष्ट: एका चाकराला दहा हजार तालांतांचं कर्ज माफ झालं आणि त्याने बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एक तालांत म्हणजे जवळजवळ ६,००० दिनार. हिशेब करून पाहा: माफ झालं ते ६ कोटी दिवसांच्या मजुरीएवढं, आणि गळा धरला तो १०० दिवसांच्या मजुरीसाठी.

त्या तीन वचनांच्या दोन्ही बाजूंना हे सगळं आहे. वर लेकरू, खाली कर्जमाफी. ही वचनं ज्याला वापरायची आहेत त्याने आधी स्वतःचं मोठेपण खाली ठेवावं आणि स्वतःचं माफ झालेलं कर्ज आठवावं. तुमच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. 'एकांतात' ही पायरी त्या मुलाने स्वतःच, कुणी न बोलावता, पार केली होती. तो आला, बोलला, रडला, काही पैसे भरलेही होते. त्याने तुमचं ऐकलं नाही, असं काही घडलंच नव्हतं. दोघातिघांकडे जायची गरजच पडलेली नव्हती. आणि पैसे मंडळीचे होते, कुणाला तरी सांगणं भाग होतं, असं तुमच्या मनात येत असेल तर तेही रास्त आहे. पण तेव्हा त्याला म्हणायचं होतं, 'आपण दोघं मिळून पाळकसाहेबांकडे जाऊ, मी तुझ्याबरोबर बसते.' एवढं झालं असतं तरी बरंच काही वाचलं असतं.

हीच भरकटलेल्या मेंढराची गोष्ट लूकमध्ये येते तेव्हा समोर कुरकुरणारे परूशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळचे कडक धर्मनिष्ठ आणि धर्मशिक्षक आहेत. मत्तयात ती शिष्यांना सांगितली आहे, म्हणजे आपल्याला, मंडळी चालवणाऱ्यांना. नव्व्याण्णवांना डोंगरावर ठेवून एकाला शोधायला जायचं, हे वाचताना नव्व्याण्णवांचं काय ही काळजी आपल्यालाही वाटते. तुमची कार्यकारिणी तीच काळजी करते आहे, त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. पण बाकीची मुलं काय पाहताहेत, ह्याचा त्यांनी पुन्हा विचार करावा. एक मुलगा आपणहून चूक कबूल करतो आणि पंधरा दिवसांत त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, हे त्यांनी पाहिलं आहे. त्यातून ती काय शिकली असतील? कबूल करायचं नाही, हेच. काहीही केलं तरी चालतं असं वाटण्यापेक्षा हे कितीतरी जास्त घातक आहे, कारण आता पुढचा मुलगा बुडत असेल तर तो हाकसुद्धा मारणार नाही.

आणि पैशांबद्दल कार्यकारिणीला एक प्रश्न विचारा. एका तरुण मुलाच्या एकट्याच्या हातात पैसे होते, त्यावर दुसरी सही नव्हती, हिशेब कुणी पाहत नव्हतं, असंच ना? अडखळण तिथे ठेवलं कुणी? यरुशलेमच्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेतला आणि करिंथकरांना तसं लिहूनही कळवलं, एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कुणी दोष ठेवू नये म्हणून. पौलाला स्वतःसाठी जे कुंपण गरजेचं वाटलं ते तुमच्या मंडळीने त्या मुलाला दिलं नाही. त्याने केलं ते चूकच होतं, पण तो एकटाच चुकला नाही.

यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायात देव मेंढपाळांना जाब विचारतो. दुर्बलांना बळ दिलं नाही, आजाऱ्यांना बरं केलं नाही, मोडलेल्यांना पट्टी बांधली नाही, हाकललेल्यांना परत आणलं नाही, हरवलेल्यांना शोधलं नाही. पाच प्रकारची मेंढरं, प्रत्येकाची गरज वेगळी. पुढे त्याच अध्यायात तो मेंढपाळांना सोडून धष्टपुष्ट मेंढरांकडे वळतो: तुम्ही कुशीने आणि खांद्याने धक्के दिलेत, दुबळ्यांना शिंगांनी ढुसण्या देऊन पांगवलंत. आपण सगळ्यांना सरसकट 'भरकटलेले' म्हणतो. त्यातले किती जण स्वतः गेले आणि किती जणांना ढकललं गेलं, हे आपण तपासत नाही. तुमचा मुलगा दोन्ही आहे. सट्ट्याकडे तो स्वतः गेला, मंडळीबाहेर त्याला ढकललं गेलं. म्हणून त्याच्याकडे जाताना तुम्हाला दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम आधी करायचं आहे.

आधी मेसेज करा. न सांगता दारात जाऊन उभ्या राहू नका, तो कोंडीत सापडेल. मेसेज असा काही: 'तू विश्वासाने सांगितलेलं मी तुला न विचारता बैठकीत सांगितलं. ते माझं चुकलं. तुझी समोरासमोर क्षमा मागायची आहे. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तिथे येईन. नको म्हणालास तरी चालेल.' एवढंच. त्यात वचन जोडू नका, 'सगळे तुझी आठवण काढतात' असं लिहू नका, 'पण' लिहू नका. 'पण माझा हेतू चांगला होता' हे तर अजिबात नको. हेतू चांगला होता हे त्याला कधी ना कधी कळेल, ते पटवण्याची ही वेळ नाही.

भेट झाली तर हेच तोंडाने सांगा आणि गप्प बसा. तो रागावेल, ते ऐकून घ्या. मध्ये दुरुस्त्या करू नका. पहिल्या भेटीत 'रविवारी ये' म्हणू नका, त्याने मागितल्याशिवाय त्याच्यासमोर मोठ्याने प्रार्थनाही करू नका. प्रार्थना ह्या शब्दानेच त्याचं नुकसान झालंय, त्याला जरा वेळ द्या. घरी येऊन काय ती करा, आणि ती कुणाला सांगू नका. 'भेटलीस का, काय म्हणाला?' असं विचारायला चार जण येतील. त्यांना 'ते आमच्या दोघांत आहे' एवढंच सांगा. ह्यावरूनच त्याला कळेल की तुम्ही खरंच बदललात की नाही.

मग पहिलं काम, सट्ट्याचं. पौल गलतीकरांना लिहितो, कुणी अपराधात सापडला तर सौम्य वृत्तीने त्याला ताळ्यावर आणा, आणि तूही मोहात पडू नयेस म्हणून स्वतःकडे लक्ष दे. सौम्य म्हणजे ढिलं नव्हे. जुगाराचं व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला विकार आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या वर्गात नेऊन बसवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. तेव्हा 'मन घट्ट कर, उपास कर, सुटेल' एवढ्यावर त्याला सोडू नका. अजून खेळतोस का, किती देणं आहे, कुणाकुणाचं, हे शांतपणे विचारा. रोख पैसे त्याच्या हातात देऊ नका. मदत करायचीच असेल तर देणेकऱ्याला थेट द्या, तेही त्याच्या घरच्या कुणाला माहीत असू द्या, पण त्याच्या संमतीने. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला तो तयार झाला तर बरोबर जा. गॅम्बलर्स अनॉनिमस नावाचे गट १९५७ पासून चालतात, त्यात ह्याच वाटेने गेलेले लोक एकमेकांना सावरतात. जवळपास असा गट असेल तर त्याला कळवा. तिथे त्याच्याकडे कुणी वरून पाहणार नाही.

एक गोष्ट विचारायला घाबरू नका. कर्ज आणि बदनामी एकत्र आली की माणूस जीव द्यायचा विचार करू लागतो. 'कधी मरून जावंसं वाटतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. इथे गुप्ततेचं वचन पाळायचं नाही, आणि हे त्याला आधीच सांगा.

आता पापाला पाठीशी घालण्याबद्दल. क्षमा म्हणजे पेटीची किल्ली परत देणं नव्हे. राहिलेले पैसे त्याने हप्त्याहप्त्याने भरावेत, ते त्याच्याही भल्याचं आहे, आणि पुढची बरीच वर्षं कुणाच्याही पैशांचा हिशेब त्याच्याकडे देऊ नये. हे शिक्षा म्हणून नव्हे. सट्टा सुटत असलेल्या माणसापुढे पैसे ठेवणं म्हणजे पुन्हा अडखळण ठेवणं. पण बायबल वाचायला, गाणी म्हणायला, प्रभुभोजनाला बसायला ह्यातलं काहीही आड येत नाही.

सगळ्यांसमोर उभं राहून क्षमा मागण्याचा हट्ट मात्र कार्यकारिणीने सोडावा असं मला स्पष्ट वाटतं. पैसे तरुण संघाचे होते. त्याची तयारी झाली की तो संघातल्या दोघाचौघांशी बोलेल, तेवढं न्याय्य आहे. बाकी मंडळीला ही गोष्ट त्याने सांगितलेली नाही, ती फुटली आहे. करिंथच्या मंडळीत एकाला बहुमताने शिक्षा झाली होती. त्याच्याविषयी पौल दुसऱ्या पत्रात लिहितो की ती शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल, आणि त्याच्यावर तुमचं प्रेम आहे हे त्याला दिसू द्या. म्हणजे शिक्षेलाही 'पुरे' म्हणायची वेळ असते आणि ती मंडळीने ओळखायची असते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. ते काही मवाळ नाहीत, चुकणाऱ्या भावाला भोजनापासून आणि प्रार्थनेपासून वेगळं ठेवण्याची शिक्षा त्यात आहे. पण लगेच पुढे मठप्रमुखाला आज्ञा आहे की त्या भावाकडे शहाण्या, वयस्क बंधूंना गुपचूप पाठव. त्यांनी त्याला धीर द्यावा, तो दुःखात बुडू नये ह्याची काळजी घ्यावी. त्या नियमात आधार करिंथकरांच्या त्याच वचनाचा आहे. तुमच्या मंडळीने शिक्षेचा भाग उचलला, माणूस पाठवायचा विसरली. पाळकसाहेबांना हे एकट्याने भेटून सांगा. ते शांत आहेत म्हणजे त्यांना पटलेलं असेलच असं नाही. कदाचित कुणीतरी आधी बोलायची ते वाट पाहत असतील.

कार्यकारिणीत कुणी म्हणेलच, मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार (त्या काळी लोकांनी तुच्छ मानलेला करवसुली करणारा) समजा असं लिहिलंय. लिहिलंय खरं, आणि ते मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय. त्याच शुभवर्तमानात मत्तय स्वतः जकातीच्या नाक्यावर बसलेला आहे, येशू त्याला 'माझ्यामागे ये' म्हणतो आणि मग जकातदारांच्या पंगतीला जेवायला बसतो. जकातदाराशी कसं वागायचं ते तिथून शिकावं.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात मोशे नावाचा एक संन्यासी होता, आधी दरोडेखोर असलेला. एका भावाच्या चुकीचा न्याय करायला सभा भरली आणि त्याला बोलावणं गेलं. तो जाईना. फारच आग्रह झाला तेव्हा एक गळकी घागर पाण्याने भरून ती घेऊन निघाला. लोकांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, माझी पापं माझ्या मागे गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी निघालोय दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला. त्या भावाला सभेने क्षमा केली, असं सांगतात.

इथे हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट ठामपणे लिहायला हवी. 'एकांतात जाऊन सांग', 'क्षमा कर', 'नम्र हो' ही वचनं मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसाच्या तोंडावर कुणी ठेवत असेल तर तो ह्याच अध्यायाच्या विरुद्ध वागतो आहे. अत्याचार करणाऱ्याकडे एकटीने जाण्याची सक्ती पीडितेवर करू नये, तिथे पोलिसांकडे जायचं आणि तिला सुरक्षित ठेवायचं. जात्याची तळी येशूने लहानांना इजा करणाऱ्यासाठी सांगितली आहे, आणि मंडळीची अब्रू वाचवायला गप्प बसणाऱ्यांनीही ती आठवावी. ताई, तुमचा प्रसंग तसा नाही. पण पत्र छापलं जाणार आहे, म्हणून हे इथे लिहिलं.

राहिला शेवटचा प्रश्न, किती दिवस वाट पाहायची. लूकच्या गोष्टीत मेंढपाळ मेंढरू सापडेपर्यंत शोधतो. मत्तयात मात्र 'जर ते त्याला सापडलं' असं आहे. हा 'जर' मला फार प्रामाणिक वाटतो. आपण माणसं आहोत, आपल्याला सापडेलच असं नाही. त्याचं उत्तर येणार नाही, किंवा 'नको' असं येईल. तेव्हा त्याच्या नाहीचा मान राखा. महिन्याभराने दोन ओळी पाठवा, नाताळला पाठवा, त्याच्या वाढदिवसाला पाठवा, उत्तराची अपेक्षा न दाखवता. त्याला दुसऱ्या एखाद्या मंडळीत आधार मिळाला असं कळलं तर मनापासून आनंद माना, 'आपल्याकडे का नाही आला' असं मनात आणू नका. तुमच्याच हातून तो परत यावा, असं काही ठरलेलं नाही.

आणि एखाद्या रविवारी तो खरंच आला आणि मागच्या बाकावर बसला, तर त्याच्याकडे वळून वळून पाहू नका, पुढून त्याचं नाव घेऊन स्वागत होऊ देऊ नका. तुम्ही जाऊन त्याच्या शेजारी बसा. काही जण उत्साहाने म्हणतील, त्याला साक्ष द्यायला सांगा, किती मोठा आशीर्वाद होईल. ते होऊ देऊ नका. साक्ष द्यायची की नाही, कधी द्यायची, हे त्याचं त्याला ठरवू द्या. निदान पहिलं वर्षभर तरी त्याला ह्याबद्दल कुणी विचारायचं नाही, एवढं पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा.